भाव जागतिक, पण शुल्क दिल्लीचं

‘कापसाचा भाव जागतिक बाजार ठरवतो, त्याचा राग पुढाऱ्यांवर काढून उपयोग नाही’ असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. आयातीवरचं ११ टक्के शुल्क काही जागतिक बाजाराने उठवलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने सूट दिली सप्टेंबरअखेरपर्यंत, आणि लगेच ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे बाहेरचा कापूस बिनशुल्क येणार, आणि आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावलकडचा बागायती कापूस घरात येतो तो नेमका हाच काळ! लांब धाग्याच्या कापसाला तेव्हा क्विंटलला ८११० रुपये हमीभाव होता, पण त्या भावाने खरेदी करणाऱ्या सरकारी सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. पावसात भिजलेल्या पहिल्या वेचणीचा माल तिथे कसा बसणार? दिवाळीच्या तोंडावर मजुरी चुकवायची असते, म्हणून तो माल गावात येऊन खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याच्या, म्हणजे खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो, व्यापारी म्हणेल त्या भावाने.

आणि पुढाऱ्यांवरची चीड त्याआधीपासूनची आहे. २०२१-२२ ला दहा हजारांच्या वर भाव पाहिलेला, म्हणून पुढच्या हंगामात आमच्याकडे लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. पुढारीही म्हणत होते, थांबा. झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस, पोरांच्या अंगाला खाज, शेवटी पेरणीच्या तोंडावर मिळेल त्या भावाने विकला. आता कोणी ‘थांबा’ म्हटलं की लोक मान डोलावतात आणि गाडी भरायला घेतात.