तांब्याचा कॅथोड २० मिनिटांत मान टाकतो, इथिलीनऐवजी नुसता हायड्रोजन

तांबटआळी:
एच-सेलमध्ये (एच अक्षराच्या आकाराचा, दोन कप्प्यांचा सेल) कार्बन डायऑक्साइडपासून इथिलीन काढतोय. १ चौ.सेंमी तांब्याचा पत्रा, ०.१ मोलर पोटॅशियम बायकार्बोनेट ३० मिली, मध्ये नाफिऑनचा पडदा, समोर अ‍ॅनोड म्हणून प्लॅटिनमची तार, वायू मिनिटाला २० मिली. आरएचईच्या (हायड्रोजनचा संदर्भ इलेक्ट्रोड) तुलनेत −१.०५ व्होल्ट. जीसीच्या (गॅस क्रोमॅटोग्राफ, वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) पहिल्या इंजेक्शनला इथिलीन १०० पीपीएम, तिसऱ्यापर्यंत जवळपास शून्य आणि हायड्रोजन चढलेला. करंट मात्र ५ मिलिअँपिअरच्या आसपासच. गळती नाही. कुठे बघू?

बुडबुडा:
करंट टिकतोय आणि इथिलीनच जातंय, म्हणजे पत्र्यावर दुसरा धातू बसतोय. बायकार्बोनेटच्या साध्या बाटलीत लोखंड-जस्ताचा अंश असतोच. हिशेब करा: १ चौ.सेंमीवर अणूंचा एक थर म्हणजे साधारण अडीच नॅनोमोल. ३० मिलीत ०.१ मायक्रोमोलर लोखंड असलं तरी ३ नॅनोमोल झाले, पत्रा झाकायला पुरून उरतील.

९९.९९ टक्क्यांच्या वरचं पोटॅशियम कार्बोनेट घ्या, ०.०५ मोलर करा, चेलेक्स रेझिन (धातूंचे आयन पकडून ठेवणारे मणी) घालून २४ तास ढवळा, गाळा, मग पीएच ६.८ येईपर्यंत कार्बन डायऑक्साइड सोडा. रेझिन आधी पोटॅशियम रूपात आणा, नाहीतर सोडियम द्रावणात उतरतो. साठवण प्लास्टिकच्या बाटलीत. पत्रा ८५ टक्के फॉस्फोरिक आम्लात, समोर ग्रॅफाइट, २.१ व्होल्टवर ५ मिनिटं पॉलिश करा, धुवा आणि वाळू न देता सेलमध्ये लावा.

ऋणाग्र:
मीठ, म्हणजे बायकार्बोनेट, दोषी असेलही, पण प्लॅटिनमला इतक्या सहज सोडू नका. अ‍ॅनोडवर ते थोडं थोडं विरघळतं आणि नाफिऑन धनायनांना वाट देतोच. तांब्यावर प्लॅटिनमचा ठिपका म्हणजे हायड्रोजनचा कारखाना. इरिडियम ऑक्साइड चढवलेलं टायटॅनियम वापरा.

दोष कोणाचा हे एका चाचणीत बरंचसं कळतं. तोच पत्रा पुन्हा पॉलिश करून त्याच वापरलेल्या द्रावणात चालवा. या वेळी जास्त टिकला तर घाण मिठातली होती, पहिल्या फेरीत पत्र्याने ती ओढून घेतली. तितक्याच वेळात पत्र्याने मान टाकली तर धातू अजून कुठून तरी येतोय. आधी अ‍ॅनोड बदला.

तांबटआळी:
चाचणी लावतो. पहिल्या इंजेक्शनची फॅरेडे कार्यक्षमता (करंटपैकी किती टक्के इथिलीन बनवण्यात गेला) २१ टक्के येते, ठीक आहे का?

फॅरेडेची वही:
नाही, तिथे पाणी मुरतंय. तुम्ही ८ इलेक्ट्रॉन धरलेत, ते मिथेनचे. इथिलीनच्या एका रेणूला १२ लागतात. २५ अंशाला २० मिली म्हणजे मिनिटाला ०.८१७ मिलिमोल, त्यात १०० पीपीएम, म्हणजे सेकंदाला १.३६ नॅनोमोल. गुणिले १२ गुणिले ९६४८५, आले १.५८ मिलिअँपिअर. ५ ने भागा: ३२ टक्के. साध्या पत्र्याला हे चांगलंच आहे. फक्त २० मिली हा आकडा सेलमधून बाहेर पडणाऱ्या वायूचा, बबल मीटरवर मोजलेला हवा. आत सोडलेला नको.