क्रूझ कंपन्यांनी जुन्या लायनर बोटी पुन्हा चालत्या कराव्यात का?

दर्यावर्दी

फेब्रुवारी 2025 मध्ये 'एसएस युनायटेड स्टेट्स' ही जुनी लायनर (ठरलेल्या मार्गावर समुद्रापार प्रवासी नेणारी बोट) फिलाडेल्फियाच्या धक्क्यावरून ओढत नेली, त्याचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा आवाज बंद करून. 302 मीटर लांब बोट, रंगाचे पोपडे निघालेले, दोन्ही धुरांडी मात्र अजून ताठ. जुलै 1952 मध्ये पहिल्याच फेरीत हिने अटलांटिक 3 दिवस 10 तास 40 मिनिटांत ओलांडला होता. आजची कुठलीही क्रूझ बोट त्या वेगाच्या जवळपास फिरकत नाही. 1969 मध्ये सेवा बंद, 1996 पासून फिलाडेल्फियात गंजत उभी, शेवटी धक्क्याच्या भाड्यावरून कोर्टकचेरी. फ्लोरिडातल्या ओकालूसा काउंटीने ती 10 लाख डॉलरला घेतली. कशाला, तर समुद्रात बुडवून माशांसाठी आणि स्कूबावाल्यांसाठी कृत्रिम खडक करायला.

माझा राग काउंटीवर नाही, क्रूझ कंपन्यांवर आहे. 2003 मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाईनने ही बोट विकत घेतली, अमेरिकी झेंड्याखाली पुन्हा चालवू म्हणून. काही न करता 2011 मध्ये जतन करणाऱ्या एका संस्थेला देऊन मोकळी झाली. 2016 च्या फेब्रुवारीत क्रिस्टल क्रूझेस पुढे आली. निदान 70 कोटी डॉलर घालू, 800 प्रवाशांची आलिशान बोट करू, वगैरे. ऑगस्टमध्ये माघार!

जमत नाही म्हणावं तर तसंही नाही. 'फ्रान्स' नावाची लायनर 1974 मध्ये बंद पडली होती. 1979 मध्ये क्नुट क्लोस्टर या जहाजमालकाने ती 1 कोटी 80 लाख डॉलरला घेतली, जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनच्या गोदीत बदल करून घेतले आणि 1980 पासून 'नॉर्वे' म्हणून कॅरिबियनमध्ये वीसेक वर्षं चालवली. आजच्या अवाढव्य क्रूझ बोटींची ती आजीच. 'क्वीन एलिझाबेथ 2' उर्फ 'क्यूई2' या लायनरचं वाफेचं यंत्र 1986-87 मध्ये काढून डिझेल-इलेक्ट्रिक बसवलं, ती 2008 पर्यंत चालली.

या कंपन्या जाहिरातीत त्याच जुन्या काळाचे फोटो वापरतात, तोच रुबाब विकतात. मग एखादी खरी बोट जगवण्याची जबाबदारी त्यांची का नाही? मला वाटतं आहे. तुम्ही बोला.

हिशेबनीस

असहमत. भावना कळल्या, आता भागाकार करू. 70 कोटी डॉलर भागिले 800 प्रवासी, म्हणजे माणशी पावणेनऊ लाख डॉलर. 'आयकॉन ऑफ द सीज' ही आजची क्रूझ बोट सुमारे 2 अब्ज डॉलरची, दोघांची एक केबिन धरून 5,610 प्रवासी. माणशी साडेतीन लाखांच्या आसपास. शिवाय ती नवी कोरी, तिच्यापुढे सगळं आयुष्य पडलंय. तुमची बोट 1952 ची.

जास्तीचे सव्वापाच लाख कोण देणार? भागधारक? ते प्रेमात पडलेले नसतात हो.

दर्यावर्दी

हिशेबनीस, तुलना चुकीच्या बोटीशी केलीत. आलिशान बोटीचा खर्च माणशी नेहमीच जास्त असतो. 2016 चीच 'सेव्हन सीज एक्सप्लोरर' घ्या: 45 कोटी डॉलर, 750 प्रवासी. माणशी 6 लाख. आता फरक किती उरला ते सांगा. आणि त्या फरकात जगातली एकमेव बोट मिळते.

हिशेबनीस

बरोबर, तुलना तिच्याशीच करायला हवी होती. मान्य.

पण तरी पावणेतीन लाखांचा फरक आहे, आणि 70 कोटी हा गोदीत काम सुरू होण्याआधीचा अंदाज होता. जुन्या बोटीचा अंदाज कधी खाली येत नाही. रॉटरडॅममधल्या 'रॉटरडॅम' बोटीचं घ्या. 1959 ची. तिचं नुसतं हॉटेल करायचं होतं, समुद्रात न्यायचीही नव्हती. तरी खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला आणि 2010 मध्ये दार उघडल्यावर तीनेक वर्षांत मालकाने विकून टाकली.

दुसरं, कमाई कशातून होते? बाल्कनीच्या केबिनमधून. जुन्या लायनरला बाल्कन्या नसतात, कारण ती हिवाळ्यातल्या उत्तर अटलांटिकसाठी बांधलेली. तिथे बाल्कनीत बसून चहा कोण पिणार. पोलादात गोल खिडक्या आणि खोल बुडणारा तळ. 'नॉर्वे' इतकी खोल होती की कॅरिबियनमधल्या बऱ्याच बंदरांत धक्क्याला लागतच नसे. पुढच्या डेकवर दोन मोठ्या होड्या वाहून न्यायची, त्यांतून माणसं किनाऱ्यावर. दोन हजार माणसं, रोज, होडीतून. 1990 मध्ये शेवटी वर काचेचे दोन मजले चढवले, विकायला केबिन हव्या होत्या म्हणून.

पोर्टहोल

आणि त्या दोन मजल्यांनी तिचं काय झालं? आधी बाजूने बघितली तर एक लांब रेघ होती, धुरांड्यांच्या पंखांपर्यंत चढत जाणारी. नंतर कुणीतरी डोक्यावर काचेचं कपाट ठेवल्यासारखी दिसायला लागली.

दर्यावर्दी, मी तुमच्याइतकीच या बोटींची वेडी आहे, पण मत उलट. क्रूझ कंपनीच्या हातात बोट देणं म्हणजे ती वाचवणं नव्हे. 'युनायटेड स्टेट्स' चं तर पुनरुज्जीवन म्हणायलाही काही उरलं नव्हतं. आतलं सामान 1984 मध्ये लिलावात गेलं. नव्वदच्या दशकात अ‍ॅस्बेस्टॉस काढायला युक्रेनला नेली तेव्हा त्याच्याबरोबर आतल्या भिंतीही गेल्या. उरलं ते पोलादी कवच आणि वरचे अ‍ॅल्युमिनियमचे मजले. क्रिस्टल त्यात नवं इंजिन, नवे सुइट, नवं सगळं बसवणार होती. म्हणजे जुन्या नावाची नवी बोट. तीही जमेना, कारण आजच्या नियमात बसवायला सांगाडा इतका बदलावा लागत होता की बोटीच्या स्थिरतेचाच प्रश्न आला. हे त्यांनीच सांगितलं होतं.

मला विचाराल तर बोट धक्क्याला बांधा, संग्रहालय करा, हॉटेल करा, पण जशी आहे तशी ठेवा. योकोहामात 1930 ची 'हिकावा मारू' अशीच आहे. जिने, दिवे, केबिन, इंजिन, सगळं बघता येतं.

कोरडी गोदी

+1 पोर्टहोल. नाहीतर ती आजोबांच्या कुऱ्हाडीची गोष्ट: दांडा दोनदा बदलला, पातं एकदा, कुऱ्हाड मात्र आजोबांचीच.

स्टीमपाईप

मी इंजिन रूममधला माणूस. वाफेच्या बोटींवर थोडी वर्षं, नंतर सगळी डिझेलवर. त्यामुळे सुंदर रेघ वगैरे मला डेकवर गेल्यावर दिसते. खालून सांगतो.

सुपरहीटेड, म्हणजे उकळीच्याही पुढे तापवलेल्या, वाफेची गळती डोळ्यांना दिसत नाही. पांढरा धूर दिसतो तो वाफ थंड झाल्यावरचा. जिथून सुटते तिथे काहीच नसतं, फक्त आवाज. जुने लोक झाडूचा दांडा पुढे धरून चालायचे. दांडा कापला गेला की समजायचं, इथे आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं नवख्याची फिरकी घेतायत. घेत नव्हते.

25 मे 2003 ला सकाळी मायामीच्या धक्क्याला लागलेल्या 'नॉर्वे' चा बॉयलर फुटला. खलाशी आणि कर्मचारी मिळून 8 जण गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत बॉयलर चालवण्याची पद्धत, देखभाल आणि तपासणी, तिन्हींत दोष निघाले. धाग्यात वर तिला 'आजी' म्हटलंय म्हणून आठवण करून देतो. ती कॅरिबियनमध्ये वीसेक वर्षं चालली हे खरं, पण ती वर्षं कशी संपली हेही लिहायला हवं होतं.

आता 'क्यूई2' वेगळी का, ते सांगतो. तिथे वाफ पूर्णपणे उपटून टाकली. बॉयलर, टर्बाईन, सगळं भंगारात. नऊ डिझेल इंजिनं आत. दहा कोटी पौंडांहून जास्त खर्च झाला, पण बोटीने पुढे वीसेक वर्षं इमानेइतबारे काम केलं. 'नॉर्वे' मध्ये क्लोस्टरने पुढची इंजिन रूम काढली, बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या चार पंख्यांपैकी दोन काढले, इंधन वाचवलं, पण बॉयलर ठेवले. दोन्ही बोटी एकाच ब्रेमरहाफेनला दुरुस्त झालेल्या. अर्धवट नूतनीकरण आणि पूर्ण नूतनीकरण यातला फरक बघायचा असेल तर या दोन बोटी शेजारी ठेवा.

वाफेवर जुनी बोट चालवायला आज माणसंही मिळणार नाहीत. वाफेची सर्टिफिकेटं असलेले आम्ही बहुतेक रिटायर झालोय.

दर्यावर्दी

स्टीमपाईप साहेब, ते आठ जण मी लिहायला हवे होते. चुकलं माझं.

पण तुमच्याच उदाहरणाने माझा मुद्दा पक्का होतो. इंजिन बदला, बोट जगते. 'स्टॉकहोम' बघा, 1948 ची. हीच ती, 1956 च्या जुलैत 'आंद्रेआ डोरिया' या इटालियन लायनरला धडकलेली. नव्वदच्या दशकात तिला नवी इंजिनं मिळाली, आणि वेगवेगळ्या नावांनी ती 2020 पर्यंत प्रवासी नेत होती. सत्तरीच्या पुढे! सांगाडा टिकतो हो.

पोर्टहोल ताई, धक्क्याला बांधा म्हणता, तर 'क्वीन मेरी' बघा ना. 1967 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराने ती 34 लाख 50 हजार डॉलरला घेतली. चालवणारे येतात आणि जातात, गंज तिथेच. 2017 च्या सुमारास तज्ज्ञांचा अहवाल आला, त्यात दुरुस्तीचा आकडा 28 कोटी 90 लाख डॉलरपर्यंत गेला होता. 2020 मध्ये हॉटेल बंद झालं ते 2023 मध्येच नीट उघडलं. आणि ती बोट साठच्या दशकानंतर कधी कोरड्या गोदीत गेलेली नाही. चालत्या प्रवासी बोटीला सहसा पाच वर्षांत दोनदा तळ पाण्याबाहेर काढून दाखवावा लागतो. बांधलेल्या बोटीला कोण विचारतो? चालती बोट नियमाच्या धाकाने निरोगी राहते.

पोर्टहोल

हा मुद्दा चांगला आहे, यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तरी 'स्टॉकहोम' चा शेवटचा फोटो बघा आणि 1948 चा बघा. ओळखून दाखवा.

हिशेबनीस

आणखी एक गोष्ट कुणीच बोललं नाही. बोट शंभर वर्षं टिकेल हो, कंपनी टिकेल का?

2003 मधली नॉर्वेजियन आणि 2016 मधली क्रिस्टल या वेगळ्या कंपन्या वाटतात, पण दोन्ही त्या त्या वेळी गेंटिंग या एकाच समूहाच्या छत्राखाली होत्या. म्हणजे एकाच घराने ही बोट दोनदा हातात घेतली आणि दोनदा ठेवली. आणि जानेवारी 2022 मध्ये गेंटिंग हाँगकाँगच बुडाली, तिच्याबरोबर क्रिस्टलही. समजा 2016 मध्ये होकार दिला असता, तर करोनाकाळात ही बोट गोदीतून बाहेर पडून नुकती चालायला लागली असती आणि दोनेक वर्षांत धनकोंच्या ताब्यात. मग लिलाव, आणि लिलावात भंगारवाल्याची बोली सगळ्यात भरवशाची असते.

याचंही उदाहरण आहे. 2003 मध्ये नॉर्वेजियनने 'युनायटेड स्टेट्स' बरोबर 1951 ची 'इंडिपेंडन्स' पण घेतली होती. ती शेवटी अलंगला तोडायला नेली, तिथे किनाऱ्याजवळ दोन तुकडे झाले. 'नॉर्वे' सुद्धा अलंगलाच गेली, 'ब्लू लेडी' नावाने, अ‍ॅस्बेस्टॉसचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन.

स्टीमपाईप

मला दोघांच्या मध्ये एक गोष्ट दिसते. 'क्यूई2' चं इंजिन बदललं तेव्हा ती 17 वर्षांची होती आणि चालू होती. माणसं होती, तिकिटं विकली जात होती, सर्टिफिकेटं जिवंत होती. 'युनायटेड स्टेट्स' ला हात लावायचं ठरलं तेव्हा ती तीस वर्षांहून जास्त काळ बंद होती. बंद बोट म्हणजे नुसती थांबलेली नसते. केबल कुजतात, पाईप आतून बसतात, टाक्यांचे तळ जातात. आणि नियम पुढे सरकत राहतात. प्रवासी बोटींवर जळाऊ सामान नको हा नियम 1 ऑक्टोबर 2010 पासून सगळ्यांना लागू झाला, तेव्हा लाकडी सजावटीच्या कितीतरी जुन्या बोटी एका तारखेत बाद झाल्या. चालू बोट अशा नियमांना हप्त्याहप्त्याने तोंड देते. बंद बोटीपुढे सगळं बिल एकदम येतं.

तेव्हा कंपन्यांनी जुन्या बोटी पुन्हा चालत्या कराव्यात का, याला माझं उत्तर नाही. चालत्या आहेत त्या बंद पाडू नयेत, यासाठी मात्र आरडाओरडा जरूर करा.

दर्यावर्दी

चालत्या लायनर उरल्या किती? एक. 'क्वीन मेरी 2'.

पोर्टहोल

तीच तर. 2004 पासून साउथॅम्प्टन–न्यूयॉर्क करतेय, 345 मीटर, लायनरसारखं टोक, लायनरसारखा तळ. वीस वर्षं उलटून गेली. म्हणजे 'क्यूई2' ला नवं इंजिन मिळालं ते वय तिने ओलांडलंसुद्धा.

हिशेबनीस

तिच्यावर बाल्कन्या आहेत. म्हणूनच चालतेय.

दर्यावर्दी

असू देत बाल्कन्या! मी माझी मागणी बदलतो: ती चालवणाऱ्या क्युनार्ड कंपनीने आजच सांगावं, तिच्या चाळिशीपर्यंतचा बेत काय आहे. मेलेल्या बोटीसाठी सत्तर कोटी मागण्यापेक्षा जिवंत बोटीसाठी आत्ता भांडू. हिशेबनीस, यालाही नाही म्हणणार?

हिशेबनीस

मोठ्या दुरुस्तीचा खर्च विरुद्ध नवी बोट, तो भागाकार पहिल्यांदाच तुमच्या बाजूने येऊ शकतो. आकडे आणा, मग बोलू.

स्टीमपाईप

पुढच्या वेळी ती गोदीत जाईल तेव्हा धागा वर काढा. यंत्रांचं काय काम निघतंय ते मी बघून सांगतो. नुसते गालिचे बदलले तर समजा, उत्तर मिळालं.