ट्विटरवर सुरुवात कशी केलीत? अनुभव सांगा

आईने परवा ट्विटरवर अकाउंट काढलं. नाव बदलून एक्स झालंय, पण आमच्या घरी ट्विटरच. वय ६८, सगळं भराभर शिकली, आणि मग विचारते, "आता लिहू काय, आणि वाचणार कोण गं?" मला काही सांगताच येईना. तुमचं पहिलं ट्वीट काय होतं, कसे रुळलात, लिहा प्लीज, तिला सगळं वाचून दाखवणारे.

* * *

मी २०११ ला आलो, फोटो लावला नव्हता म्हणून नावाशेजारी अंड्याचं चित्र असायचं. सहा महिने कुणी ढुंकून बघितलं नाही. मग लिहिणं सोडून नुसतं वाचायला लागलो, तिथून मजा यायला लागली. तेव्हा एका ट्वीटला मर्यादा १४० अक्षरांची, कारण एसएमएस १६० अक्षरांचा आणि त्यातली २० नावासाठी राखलेली. मराठीत तर काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर सगळं सुटं मोजलं जातं, 'पुणे' म्हणजे ४ आणि 'ज्ञानेश्वर' म्हणजे १०! त्यामुळे 'खूपच', 'अतिशय' असले शब्द आधी उडवायची सवय लागली, ती २०१७ ला २८० झाल्यावरही गेली नाही. काकूंना म्हणावं पंधरा दिवस फक्त वाचा.

* * *

मी पुण्यातल्या सहकारनगरची. अकाउंट होतं पण वापरत नव्हते. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र, आंबिल ओढ्याचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं, लाईट गेलेले, मोबाईल १८ टक्के, आणि भाऊ कात्रजहून बाईकवर आमच्याकडे यायला निघालेला, फोन लागत नव्हता. सर्चमध्ये 'सहकारनगर' टाकलं, 'लेटेस्ट'वर, म्हणजे सगळ्यात ताज्या ट्वीटांवर गेले, तर शेजारच्या गल्लीतले लोक जिन्यातून फोटो टाकत होते, कुठे किती पाणी ते. मीही लिहिलं, "आमची मागची भिंत पडलीये, या रस्त्याने कुणी येऊ नका." तेच माझं पहिलं ट्वीट. एकाने लगेच विचारलं, कुणी अडकलंय का? भावाचं सांगितलं तर म्हणाला, बिबवेवाडीत चढावर थांबायला सांगा, खाली उतरू नका. तो निरोप मी मेसेज करून ठेवला, भावाला वीस मिनिटांनी मिळाला आणि तो तिथेच थांबला. तो माणूस कोण होता, आजही माहीत नाही. त्याला कुठेतरी हे दिसावं म्हणून लिहितेय.

* * *

एक जपा. मी बँकेला टॅग करून तक्रार टाकली, दहा मिनिटांत बँकेचाच लोगो लावलेल्या अकाउंटवरून "नंबर डीएम करा", म्हणजे खाजगी मेसेजमध्ये पाठवा, असं आलं. प्रोफाईल उघडलं तर त्याच महिन्यात काढलेलं, फॉलोअर तीन. वाचलो. निळी टिकही आता पैसे भरून मिळते, तिच्यावर जाऊ नका.

* * *

पावसाळ्यात खडकवासला धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं एवढंच बघायला मी येतो. नदीपात्रातला भिडे पूल पाण्यामुळे बंद आहे का ते घरातून निघायच्या आधी कळतं. दहा वर्षांत माझी चाळीस ट्वीटं असतील, काही अडत नाही.

* * *

सगळ्यांचे आभार, आईने सहकारनगरचा अनुभव दोनदा वाचायला लावला. तिला पालखी पुण्यात मुक्कामाला येईल तेव्हा लिहायचंय, दरवर्षी आम्ही वारकऱ्यांना चहा देतो त्याबद्दल. तिचा प्रश्न, हॅशटॅगमध्ये, म्हणजे # लावून लिहितात त्या शब्दात, मध्ये जागा सोडलेली चालते का?

* * *

नाही चालत, जागा आली की तिथेच तुटतो. #आषाढीवारी असं सलग लिहायला सांग. आणि चहाच्या पातेल्याचा फोटो टाका सोबत.