ऑपेरा हाउस चकाचक, पिला हाउसला साधी पाटीसुद्धा नाही!

खेतवाडीकर (धागाकर्ता)

परवा भाचीच्या कृपेनं रॉयल ऑपेरा हाउस आतून बघितलं. १९११ साली पंचम जॉर्जनं उघडलेली वास्तू, मध्ये कित्येक वर्षं कुलूप, २०१६ ला पुन्हा सुरू. झुंबरं, सोनेरी नक्षी, मखमली खुर्च्या, सगळं झकास. बाहेर पडलो तेव्हा नऊ वाजले होते आणि पाय आपसूक वळले. लॅमिंग्टन रोडनं वर आलो, उजवीकडे ग्रँट रोडला वळलो, पिला हाउसच्या नाक्यावर उभा राहिलो. पंधरा-वीस मिनिटांचं अंतर.

इथं कबाबचा धूर, अर्धी खाली ओढलेली शटरं, हॉर्न. आणि कुठंही एक अक्षर लिहिलेलं नाही की बाबांनो, 'पिला' म्हणजे पिवळा नव्हे, हे 'प्ले हाउस' आहे. नाना शंकरशेटांच्या पुढाकारानं १८४६ मध्ये ग्रँट रोडला नाटकगृह झालं. साहेबाला फोर्टातून एवढ्या लांब यायचा कंटाळा, म्हणून ते हळूहळू आपल्या लोकांच्या हाती आलं. १८५३ मध्ये सांगलीचे विष्णुदास भावे मंडळी घेऊन तिथं उतरले. त्याच साली पारशी नाटक मंडळीही. मग एल्फिन्स्टन, व्हिक्टोरिया, रिपन अशी थिएटरं उगवत गेली, नाटकं गेली तिथं तमाशे आले, तमाशे गेले तिथं सिनेमा. मी शाळकरी असताना आल्फ्रेडबाहेर हातानं रंगवलेली पोस्टरं असत. हिरोचा एक गाल निळा, एक केशरी. त्या निळ्या गालाकडे बघत मी किती वेळा घरी उशिरा पोचून मार खाल्लाय!

पॅरिसच्या मोंमार्त्रला जग तिकीट काढून जातं. तिथंही दारूचे गुत्ते होते, वेश्या होत्या, फुकटे चित्रकार होते. त्यांनी त्याला 'बोहेमियन' म्हटलं आणि टेकडीवर दुकान मांडलं. आपण मात्र लाजेनं मान खाली घालतो. शेजारच्या कामाठीपुऱ्याच्या पुनर्विकासाच्या बातम्या येताहेत, बुलडोझर फिरायच्या आत इथं एक छोटं संग्रहालय, निदान पाटी, हेरिटेज वॉक असं काही व्हायला नको का? मुंबईच्या रात्रीचा सगळ्यात रंगीत तुकडा आहे हा.

जुना टॅक्सीवाला

+१. एक दुरुस्ती. पिला हाउसवरून जाणाऱ्या फॉकलंड रोडचं नाव पठ्ठे बापूराव मार्ग आहे, पाटी आहे बरं का. बत्तीस वर्षं गाडी चालवली, एकाही पॅसेंजरनं 'पठ्ठे बापूराव मार्गाला घ्या' म्हटलं नाही. 'फॉकलंड' म्हणणारे मात्र मागच्या सीटवर रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसायचे.

निशिगंध

साफ असहमत. 'रंगीत' हा शब्द वाचूनच हात थरथरला.

नव्वदच्या दशकात मी तिथं आरोग्याच्या कामात स्वयंसेवक होते, चार वर्षं. खेतवाडीकर, तुम्ही पोस्टर बघून घरी गेलात. ज्यांना घरी जाता येत नव्हतं त्यांना विचारा रंग कुठला होता. एका जिन्याचं सांगते. बारा पायऱ्या, सातवी तुटलेली, अंधारात सगळ्यांना ती पाठ. वर एका खोलीत चार खाटा, मध्ये साडीचे पडदे. गिऱ्हाईक असलं की पोर खाटेखाली, पत्र्याच्या ट्रंकेला टेकून झोपलेलं. त्यातल्या एकीची मनीऑर्डर मी लिहून द्यायचे. संदेशाच्या जागी दर महिन्याला तेच वाक्य: 'मी बरी आहे. बिडीच्या कारखान्यात काम चालू आहे.' हा तुमचा मुंबईच्या रात्रीचा तुकडा.

हेरिटेज वॉक म्हणजे पुन्हा तेच. बाहेरच्यांनी यायचं, बघायचं, जायचं. फक्त या वेळी गळ्यात कॅमेरा आणि हातात पाण्याची बाटली.

आणि हा वाद आज पहिल्यांदा होत नाहीये. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या बायकांसमोर भाषण केलं. वाघ्ये, मुरळ्या, जोगतिणी, देवदासी सगळ्या होत्या. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की हे जिणं सोडा, लग्न करून संसार करा. तिथं कुणी 'आपली संस्कृती' असा सूर लावला नव्हता.

बिनकामाचा इतिहासकार

धागा चांगला आहे, सवडीनं लिहिणार होतो, पण राहवत नाही.

'राजा हरिश्चंद्र'चा पहिला खेळ २१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पियात झाला, तेही ग्रँट रोडलाच. मौज पुढं आहे. तारामतीच्या कामासाठी फाळक्यांना बाई मिळेना. शेवटी वेश्यावस्तीतही विचारून झालं. तिथल्यांनीही नकार दिला! मग ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा पोऱ्या त्यांना दिसला, नाजूक हातांचा. दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि भारतीय पडद्याला पहिली नायिका मिळाली. म्हणजे ज्या बायकांना समाज हलकं समजत होता त्यांना सिनेमा आपल्याहून हलका वाटला. याची नोंद त्या नाक्यावर नको?

अवांतर: 'सफेद गल्ली' हे नावही पुढच्या पिढीला कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुखलाजी स्ट्रीटवर युरोपातून आणलेल्या बायका होत्या, म्हणून सफेद. पोलिसांचा त्या गल्लीवर खास डोळा असे, कारण गोऱ्या बाईच्या दारात काळं गिऱ्हाईक हा साम्राज्याच्या अब्रूचा प्रश्न.

निशिगंध

'आणलेल्या' हा शब्द तुम्ही सहज लिहून पुढं गेलात. मी तिथंच अडकले.

फडावरची

मी सहसा लिहीत नाही. पण खेतवाडीकर आणि निशिगंधताई, तुम्ही दोघंही एकच चूक करताय. एक जण सगळं एका रंगात रंगवतोय, दुसरी सगळं एका दुःखात बुडवतेय.

माझी आजी तमाशात होती. पिला हाउसला फड लागला की दोन-तीन महिने मुक्काम. नंतरच्या काळात लालबागच्या हनुमान थिएटरात. ती थिएटरात नाचायची, गायची, सवाल-जवाबात भल्याभल्यांना गप्प करायची. खोलीत बसत नव्हती. दोन्हींमध्ये एक रस्ता होता आणि तो रस्ता ओलांडायला लागू नये म्हणून तिनं काय काय केलं हे घरातल्यांनाच ठाऊक. शिट्टी मारणाऱ्याला तो रस्ता दिसत नव्हता. तुम्हालाही दिसत नाहीये. मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली तेव्हा सरकारलाही दिसला नाही. बंदी उठली ती 'अश्लील' काढून टाका या अटीवर. आजी म्हणायची, 'लावणीतली चावट ओळ काढली, पण पुढल्या रांगेतला चावट माणूस तिथंच बसवला.'

तिच्या घुंगरांची पेटी माझ्याकडं आहे. एका पायाचे अडीच किलो, वजनकाट्यावर घालून बघितले. पायाला कापडाची पट्टी बांधून मग वर घुंगरू, नाहीतर सोलून निघायचं. पट्ट्याही आहेत, धुवून धुवून पिवळ्या पडलेल्या. संग्रहालय करायचं तर ह्या ठेवाल का, की फक्त झुंबरं?

खेतवाडीकर

फडावरची, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. 'रंगीत' शब्द मागं घेतो.

पण निशिगंधताई, पाटी नकोच हे मला अजून पटत नाही. तिथं फक्त दुःख होतं असं म्हटलं की तिथल्या कलेचा हिशेबच संपतो. गोव्याहून आलेल्या कलावंतिणी याच पट्ट्यात राहून गायल्या. अंजनीबाई मालपेकर भेंडीबाजारच्या नजीर खाँसाहेबांकडं शिकल्या आणि १९५८ ला संगीत नाटक अकादमीच्या फेलो झाल्या. केनेडी ब्रिजला काँग्रेस हाउसमध्ये मुजरेवाल्या, तर हाकेच्या अंतरावर देवधर मास्तरांची गाण्याची शाळा, जिथं कुमार गंधर्व घडले. एकाच हवेत दोन्ही सूर होते. आपण एकाला शास्त्रीय म्हणून हार घातला, दुसऱ्याच्या दारावर पोलीस पाठवला. २००५ ला डान्स बार बंद केले तेव्हाही तेच. सुप्रीम कोर्टात ती बंदी टिकली नाही ती गोष्ट वेगळी.

वऱ्हाडी ठेचा

मुंबईच्या चार गल्ल्यांसाठी एवढा जीव काढता, आमच्याकडच्या दंडार या लोकनाट्याचं नाव तरी ऐकलं का कोणी? चालू द्या.

जुना टॅक्सीवाला

ठेचासाहेब, नवा धागा काढा, येतो.

चौकटीबाहेर

नामदेव ढसाळांचं नाव इतक्या प्रतिसादांत कसं नाही? अरब गल्लीत, ढोर चाळीत वाढलेला, टॅक्सी चालवणारा माणूस. 'गोलपिठा' हा त्यांचा कवितासंग्रह १९७२ ला आला तेव्हा प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर त्यांच्यासोबत त्या वस्तीत फिरले. म्हणजे पहिला हेरिटेज वॉक तोच म्हणा हवं तर. फरक एवढाच की वाट दाखवणारा तिथला होता आणि बघणाऱ्याला आपल्याला काही कळत नाही हे कळत होतं. बोहेमियन म्हणजे सुखवस्तू घरातून रुसून निघालेला पोरगा असेल तर पिला हाउस बोहेमियन कधीच नव्हतं. उर्दू कथाकार मंटो भायखळ्याहून येऊन जवळच्या फोरास रोडच्या गोष्टी लिहायचे, ते थोडे त्यातले. ढसाळ बाहेरचे कधी नव्हतेच.

बिनकामाचा इतिहासकार

रुसून निघालेला पोरगा पाहिजे असेल तर पठ्ठे बापूराव आहेत की. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी. जानवं, वतन, सगळं सोडून फडात उभे राहिले, तमाशातल्या पवळाबरोबर. १९४५ ला पुण्यात गेले ते हलाखीत. आणि बाबासाहेबांच्या चळवळीसाठी त्यांनी खेळाचं उत्पन्न देऊ केलं, ते बाबासाहेबांनी नाकारलं, हा प्रसंग बऱ्याच जणांनी लिहून ठेवलाय. महाराच्या बाईला नाचवून मिळवलेला पैसा नको, असं कारण. निशिगंधताईंच्या बाजूचा याहून मोठा मुद्दा मला तरी माहीत नाही.

फडावरची

हा प्रसंग आमच्याकडं लहानपणापासून ऐकलाय. बाबासाहेबांबद्दल माझ्या मनात किंतु नाही, त्यांना काय बोचलं असेल ते मला कळतं. पण त्या गोष्टीत देणारा पुरुष आहे, नाकारणारा पुरुष आहे, आणि जिच्या घामाचा पैसा ती पवळा गोष्टीत बोलतच नाही. संगमनेरजवळच्या हिवरगाव पावश्याची बाई. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली बाई, असं सांगतात. बापूरावांनी जात सोडली म्हणून ते मोठे. तिला सोडायला जात मिळाली कुठं? रस्ता बापूरावांच्या नावाचा झाला. पवळाच्या नावानं तिथं एक बोळसुद्धा नाही.

निशिगंध

हे वाचून पाटीबद्दलचं मत अर्धं बदललं. पवळाच्या नावाची असेल तर माझा विरोध नाही. वॉकला आहेच.

रसिकराज

[प्रकाटाआ: प्रतिसाद काढून टाकला आहे]

गल्ली नं. ११

सगळ्यांचं वाचलं. मी तिथं राहतो. अजूनही राहतो, म्हणून लिहितो.

आमचं घराणं तेलंगणातून आलेलं, कामाठी. पणजोबा बांधकामावर होते. ह्या वस्तीला कामाठीपुरा नाव आमच्यामुळं पडलं, पण गूगलवर टाका, आमच्यातला एक गवंडी दिसतो का बघा. माझ्या ताईच्या लग्नाच्या बायोडेटात पत्ता 'मुंबई सेंट्रल' लिहिला. माझ्या बायोडेटात 'नागपाडा'. ऑफिसात कॅब सोडायला येते ती मी दोन सिग्नल आधी थांबवतो. एकदा ड्रायव्हरनं विचारलंच, 'सर, रोज इथं का उतरता?' मी म्हटलं, चालायला बरं असतं.

खोली १२० फूट, माणसं सहा, संडास मजल्यावर कॉमन, पावसाळ्यात जिन्याला टेकू. तुम्हाला पाटी हवी, मला लिफ्ट हवी. पुनर्विकास झाला तर आधी बघेन घरात नळ आहे का, मग बघेन दारात इतिहास आहे का. रागावून नाही म्हणत.

आणि वॉकवाले येतात आत्ताही. परवा एक ग्रुप आमच्या गॅलरीचा फोटो काढत होता. आई तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप तोंडापुढं धरलं.

खेतवाडीकर

यावर काय बोलणार. एकच विचारतो: पाटी लागलीच, तर तिच्यावर काय असावं?

गल्ली नं. ११

कामाठी लिहा. पवळा लिहा. फडावरचीताईंच्या आजीचं नाव त्यांनी दिलं तर ते लिहा. 'रेड लाइट' नका लिहू, ते लोकांना पाठ आहे.

फडावरची

नाव देईन. घरात विचारून.

जुना टॅक्सीवाला

पालिकेकडं अर्ज कोण करणार? इथं सगळे लिहिणारेच दिसतात.

बिनकामाचा इतिहासकार

मसुदा मी करतो. सनावळ्या दोनदा तपासून.

गल्ली नं. ११

मग या एखाद्या रविवारी. वॉक नाही, चहा. मोबाइल खिशात.

खेतवाडीकर

येतो. निशिगंधताई, तुम्ही?

निशिगंध

बघते. त्या भागात पंचवीस वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. तो बारा पायऱ्यांचा जिना अजून असेल तर वर जायची माझी हिंमत होणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

गल्ली नं. ११

सातवी पायरी तुटलेली, तोच ना? पाडला तो, पाच-सहा वर्षं झाली. आता तिथं पोरं बॅगा शिवतात.