ईव्ही घरी चार्ज करायची आहे आणि थंडीत महाबळेश्वर, सल्ला हवा

शाहूपुरीकर
दिवाळीला इलेक्ट्रिक गाडी घेतली. बॅटरी ४० युनिटची, कागदावर रेंज साडेचारशे (कागद काय, काहीही म्हणतो). सोबत १५ अँपिअरचा चार्जर मिळालाय. बैठं घर, गाडी दारात. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बॉक्स बसवावा का? सरकारी अनुदान आहे का? आणि दुसरं, सासुरवाडी महाबळेश्वरला. रविवारी पहाटे साताऱ्याहून मेढ्यावरून गेलो तर ५५ किलोमीटरला २८ टक्के बॅटरी खाल्ली. थंडीनं असं होतं का?

घाटवाट
थंडी नाही दादा, घाट. गाडी आणि माणसं मिळून १८०० किलो धरा. सातारा सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या. एवढं वजन साडेसहाशे मीटर नुसतं वर उचलायलाच सव्वातीन युनिट लागतात, म्हणजे तुमचे आठ टक्के तिथंच गेले. उतरताना त्यातलं बरंचसं परत येतं. पण वर मुक्कामात गाडी १०० टक्के भरून निघू नका. बॅटरीत जागाच नसली तर रीजेन (उतारावर वेग कमी होताना होणारं चार्जिंग) घेत नाही आणि केळघर घाट निव्वळ ब्रेकवर उतरावा लागतो. मी ८० ला प्लग काढतो.

लिंबखिंड ते मॉन्ट्रियल
वेण्णा लेकच्या हिमकणांना थंडी म्हणताय होय! इथं उणे २० ला माझी रेंज तिसऱ्या हिश्शानं घटते. बॅटरी गार पडली की आतला रोध वाढतो, रीजेन कमी होतं, वर केबिनचा हीटर तीन-चार किलोवॅट ओढतो. शून्याखाली चार्जिंग करताना गाडी आधी बॅटरी ऊबदार करते, नाहीतर लिथियमचा थर साचून सेल बिघडतात. म्हणून निघायच्या आधी प्लगला लावूनच केबिन तापवायची. तुम्हालाही पहाटे तेवढंच पुरे. क्युबेकमध्ये घरच्या चार्जरला ६०० डॉलर मिळतात, तिकडचं कुणीतरी सांगा.

वायरमन रिटायर्ड
तिकडचं सांगतो. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह अनुदान योजनेत खासगी चारचाकी बसत नाही. इन्कम टॅक्समधल्या ८०ईईबी कलमाची व्याजवजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. त्यामुळे त्या नादाला लागू नका. छप्पर मोकळं असेल तर सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सोलरला ७८ हजार अनुदान आहे. गाडी दिवसा घरी असेल तर खरा फायदा तिथं.

बॉक्सचं म्हणाल तर महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे साधारण दीडशे युनिट. १५ अँपिअरवर रात्रीत २० युनिट सहज भरतात. मग घाई कशाला? घरचा वापर दीडशेच्या वर असेल तर मात्र तीनशेचा स्लॅब ओलांडाल, बिल बघून ईव्हीच्या वेगळ्या कनेक्शनचा हिशेब करा. बॉक्स बसवलाच तर तांब्याची ६ स्क्वेअर मिमीची वायर, स्वतंत्र आरसीबीओ (करंट गळला किंवा जादा झाला की लाईन तोडणारा स्विच) आणि मंजूर भार वाढवून घेणं, हे तीन सोडू नका. घरातल्या जुन्या सॉकेटला तर अजिबात लावू नका. गीझरच्या पॉइंटवर महिनाभर चार्ज केलेलं सॉकेट माझ्याकडे आहे, एक पिन कोळशासारखी काळी, प्लास्टिक वितळून भोकावर आलंय.

शाहूपुरीकर
सॉकेट बघितलं, कोमट लागत होतं. नवीन टाकतो. अजून एक भानगड आहे. कालपासून चार्जरवर लाल दिवा लागतो आणि गाडी घेतच नाही. शोरूमवाले म्हणतात गाडी ओके.

वायरमन रिटायर्ड
अर्थिंग. मीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा, पाचाच्या वर गेला तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय. आत्तापुरतं दोन बादल्या पाणी ओता.

शाहूपुरीकर
१८ दाखवत होता. आईच्या तुळशीशेजारी खड्डा आहे, दोन बादल्या ओतल्या, अर्ध्या तासात हिरवा दिवा. खड्डा नव्यानं मारायला कुणी चांगला इलेक्ट्रिशियन आहे का? करंजे गावापर्यंतचा चालेल.