पॉड-यंत्राची कॉफी स्वस्तात कशी पडेल?

जुना_डबा (धागाकर्ता):
“क्युरिग विकून टाका आणि साधे फिल्टर घ्या, पॉडवर पैसे उधळणाऱ्यांना काटकसर शिकवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी,” असे काल येथील एका सदस्याने लिहिले. ज्याच्या ओट्यावर क्युरिगचे कॉफीयंत्र आधीच बसले आहे, त्याला या सल्ल्याचा काय उपयोग? एका के-कपात, म्हणजे या यंत्रात घालायच्या एका पेल्यापुरत्या बंद डबीत (पॉडमध्ये), साधारण 10 ग्रॅम कॉफी असते. तो 60 सेंटना मिळतो असे धरले, तर आपण कॉफीच्या पौंडाला (सुमारे 454 ग्रॅमना) 27 डॉलर मोजतो. 12 डॉलरची पौंडाची पिशवी आणून तेवढीच पूड आपण स्वतः भरायच्या जाळीच्या कपात घातली, तर तोच कप 27 सेंटच्या आत पडतो. मात्र दळण मध्यम हवे. फार बारीक पूड घातली की जाळी तुंबते, पाणी कडेने वर येते आणि पेल्याच्या तळाशी गाळ बसतो. पाण्याचे बटणही लहान कपाचेच दाबावे.

तिसरी_शिट्टी:
हिशेब चोख आहे, पण मुलांचे डबे भरत असताना ती चिकट जाळी कोण धुणार, हे त्यात कोठेच नाही. के-कपचे मूळ पेटंट 2012 मध्ये संपल्यापासून इतरांचे पॉड स्वस्त मिळतात. मी तेच मोठ्या खोक्याने आणते.

जुना_डबा:
आणावेत. परंतु क्युरिग कंपनीने 2014 मध्ये झाकणावरची शाई ओळखणारे यंत्र काढून परक्या पॉडना मज्जाव केला होता आणि स्वतःचा जाळीचा कपही बंद केला होता. ग्राहकांनी ओरड केली, तेव्हा कुठे 2015 मध्ये तो कप परत आणण्याचे तिने कबूल केले.

खिसेभरू:
एवढा खटाटोप कशासाठी? ऑफिसात पॉड फुकट असतात. शुक्रवारी निघताना मी चार-पाच उचलतो.

तिसरी_शिट्टी:
याला काटकसर नव्हे, चोरी म्हणतात. आमच्या जुन्या कार्यालयात असेच कोणीतरी खोकीच्या खोकी लंपास करत असे. शेवटी व्यवस्थापनाने पॉड बंद करून थर्मासातले कोमट पाणी आमच्या माथी मारले आणि एकाच्या हावेपायी आम्ही साऱ्यांनी ते निमूटपणे प्यायलो.

खिसेभरू:
पुण्याच्या टीमसाठी मी घरून पहाटे साडेसहाला कॉल घेतो, त्याचा एक छदामही मिळत नाही. त्या वेळी पितो ती कॉफी कंपनीच्या कामाचीच आहे. आपण मला चोर म्हणण्यापूर्वी थोडा विचार केला असता, तर बरे झाले असते.

तिसरी_शिट्टी:
पहाटेचे कॉल आम्हीही घेतो. म्हणून कोणी ऑफिसातली खुर्ची घरी नेत नाही.

जुना_डबा:
फुकटच्या पॉडची किंमत शून्य असते, हे मला मान्य आहे; माझ्या हिशेबात उचलेगिरीचा रकाना नव्हता. आता जाळीच्या कपाविषयी कोणी बोलेल काय?

साधे_फिल्टर:
कालचा तो सदस्य मीच. यंत्र घरात असेल, तर जाळी परवडते, एवढे मान्य करतो. दुकानातच दाणे दळून घेणार असाल, तर दळणयंत्रावर ड्रिपची, म्हणजे मध्यम दळणाची, खूण निवडा. एस्प्रेसोची, म्हणजे फार बारीक दळणाची, निवडलीत, तर पुन्हा गाळाची तक्रार घेऊन येथे येऊ नका. यंत्र विकावे, हे मत मात्र कायम आहे.