घरात एफएम नीट लागत नाही: जादा अँटेना कोणता लावावा?

होटगीरोडकर
सोलापुरात होटगी रोडला तीन मजली आरसीसी इमारत, आम्ही तळमजल्यावर. होम थिएटरच्या मागे एफएमसाठी मीटरभर बारीक वायर लोंबते, तेवढाच अँटेना. आकाशवाणी सोलापूर लागतं, पण मागे सतत खरखर. खाजगीपैकी एक केंद्र स्वच्छ, बाकीची धड नाहीत. वायरीजवळ हात नेला की आवाज सुधारतो, हात काढला की परत तेच. संध्याकाळी दिवे लागले की वेगळीच घरघर सुरू होते.

ऑनलाइन स्टँडवाले ‘बूस्टर अँटेना’ दिसतात, त्यांचा उपयोग होतो का? गच्चीवरून हॉलपर्यंत डिशची जुनी केबल आलेली आहे, ती वापरता येईल का? घरीच काही करता येत असेल तर मापं सांगा.

ओहम
खरेदीच्या आधी रोग कोणता ते ठरवा. तुमच्या वर्णनात दोन तक्रारी एकत्र आल्यात. दिवसभराची खरखर म्हणजे सिग्नल कमी. दिव्यांबरोबर येणारी घरघर म्हणजे घरातलाच गोंगाट. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

सेलवर चालणारा साधा रेडिओ घ्या, कुणाकडून मागून आणला तरी चालेल. हॉलमध्ये तेच केंद्र लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. आवाज लगेच साफ झाला तर गोंगाट घरातला. मग बोर्डातला एकेक एमसीबी (प्रत्येक लाइनचा स्विच) चालू करत जा, ज्याला घरघर परत येते त्या लाइनवरची उपकरणं एकेक काढून बघा. बहुतेक वेळा स्वस्त एलईडी बल्बचा ड्रायव्हर, मोबाईलचा चार्जर नाहीतर सेटटॉप बॉक्सचा अॅडॅप्टर सापडतो. बल्ब बदलणं हाच उपाय, अँटेना कितीही मोठा लावला तरी तो त्या बल्बशेजारीच राहणार असेल तर काय उपयोग?

मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली आणि रेडिओ गच्चीवर नेल्यावर गेली, तर भिंती आणि स्लॅबमधली सळई सिग्नल अडवतेय. त्याला अँटेना.

हात नेल्यावर सुधारतो याचं कारण, तुमचं शरीर त्या वायरीचा भाग बनतं. वायर चुकीच्या जागी आहे किंवा तिची लांबी बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वायरीची गुंडाळी असेल तर आधी ती सोडा आणि वायर टीव्हीच्या मागून बाहेर काढा. सेटवर स्टिरिओ-मोनो निवडता येत असेल तर मोनो करून ऐका. स्वच्छ स्टिरिओसाठी मोनोपेक्षा साधारण २० डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचं माप) जास्त सिग्नल लागतो, म्हणून कमजोर केंद्र मोनोवर एकदम शांत होतं. बातम्या आणि शेतीविषयक कार्यक्रमच ऐकायचे असतील तर इथेच काम भागेल.

तांब्याची_तार
मापं मागितलीत, घ्या. साधा डायपोल करा, म्हणजे एका रेषेतल्या दोन सारख्या वायरींचा (हातांचा) अँटेना. एका हाताची लांबी सेंटिमीटरमध्ये = ७१२५ भागिले फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये. ९२ ला ७७ सेंमी, १०० ला ७१, १०४ ला ६८.५. आपला पट्टा ८७.५ ते १०८, त्यामुळे सगळीच केंद्रं हवी असतील तर ७२ धरा. दोन-तीन सेंमीच्या फरकाने घरात काही बिघडत नाही.

सामान: १ चौरस मिमीची हाउस वायरिंगची वायर, प्रत्येकी ७२ सेंमीचे दोन तुकडे (जोडासाठी टोकाला थोडी जास्त). आरजी-६ ही ७५ ओहमची केबल लागेल तेवढी. दीड मीटर केसिंग पट्टी किंवा अर्धा इंची पीव्हीसी पाइप. प्लास्टिकची दोन स्क्रूची कनेक्टर पट्टी. सेटच्या बाजूला बसेल ती पिन.

दोन्ही वायरी पाइपवर एका रेषेत बांधा, मध्ये दोन-तीन सेंमी जागा सोडा. केबलची मधली तार एका वायरीला, बाहेरची जाळी दुसरीला. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. बाजारातल्या आरजी-६ ची जाळी बहुतेक अॅल्युमिनियमची असते, तिला साधं सोल्डर धरत नाही. वरून चकचकीत गोळा बसतो आणि हलवला की निघतो. म्हणून जाळी पिळून कनेक्टर पट्टीत स्क्रूखाली दाबा. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये, लागला तर अँटेना शॉर्ट आणि सिग्नल जवळपास शून्य. पिन बसवतानाही हेच बघा.

जोडापासून केबल डायपोलला काटकोनात निदान ६०-७० सेंमी सरळ न्या, मग वळवा. जोडाजवळच केबलचे पंजाएवढ्या व्यासाचे चार-पाच वेढे घालून टेप मारा. केबलच्या जाळीवरून येणारा घरातला गोंगाट त्यामुळे अडतो. तुमची संध्याकाळची घरघर थोडी यातही कमी होईल, पण ओहम म्हणतात तसा बल्ब शोधाच.

जागा: खिडकीच्या लोखंडी गजांपासून अर्धा मीटर तरी लांब. फ्रिज, गोदरेजचं कपाट, लोखंडी दार यांच्याजवळ नको. पत्र्याचं छत असलेल्यांनी पत्र्याखाली लावूच नये, खिडकीबाहेर काढावा. डायपोलची बाजू केंद्राकडे हवी, टोक नको. टोकाच्या दिशेने तो जवळपास बहिरा असतो.

होटगीरोडकर
मेन बंद करून पाहिलं. घरघर हॉलच्या दोन एलईडींची निघाली, खरखर मात्र तशीच. सेटच्या मागे दोन स्प्रिंगच्या क्लिपा आहेत, एकीवर एफएम ७५ ओहम आणि दुसरीवर जीएनडी (ग्राउंड) लिहिलंय, वायर पहिलीत अडकवलेली. म्हणजे पिन नको ना? आणि केंद्र कुठल्या दिशेला ते कसं ओळखायचं?

तांब्याची_तार
पिन नको. मधली तार एफएम क्लिपमध्ये, जाळी जीएनडीमध्ये, जुनी वायर काढून टाका. ती तशीच ठेवली तर घरातला गोंगाट तिच्यातून येतच राहील.

दिशेसाठी नकाशा नको. सर्वात कमजोर केंद्र लावा, मोनोवर, आणि डायपोल आडवा धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत केंद्र जवळजवळ मरतं, ती जागा नेमकी कळते. तिथून ९० अंश वळवा. चांगल्यापेक्षा वाईट जागा शोधणं सोपं असतं. मग उभा करूनही बघा. बऱ्याच एफएम केंद्रांचा सिग्नल आडवा-उभा दोन्ही असतो आणि घरात तो भिंतींवर आपटून आणखी मिसळतो. फिरवताना डायपोल दुसऱ्या लांब पाइपच्या टोकाला बांधून धरा आणि स्वतः लांब राहा, नाहीतर परत तुमचा हातच अँटेना होईल.

गच्चीवरचा_माणूस
बूस्टरचं राहिलंच. स्टँडवाल्या बहुतेक अँटेन्यात एक छोटा अॅम्प्लिफायर असतो. तो सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच वाढवतो, स्वतःचा थोडा घालतो तो वेगळा. हॉलच्या कोपऱ्यात खराब सिग्नल घेऊन तो मोठा केला तर मोठा खराब सिग्नल मिळतो, बाकी काही नाही. शिवाय तुमच्याकडे एक केंद्र आधीच दणदणीत येतंय. बूस्टर लावला की ते सेटला दाबून टाकेल आणि नको त्या फ्रिक्वेन्सीवरही ऐकू येऊ लागेल. तसं झालं तर उलट सिग्नल कमी करावा लागतो.

बूस्टरचं खरं काम लांबलचक केबलची घट भरून काढणं. आरजी-६ मध्ये १०० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण ६-७ डेसिबल जातात. म्हणजे तुमची केबल १५ मीटर धरली तर एकच डेसिबल. तेवढ्यासाठी पैसे घालवू नका.

डिशची केबल जरूर वापरा, पण ती खरंच बंद आहे का बघा. चालू डिशच्या केबलमध्ये सेटटॉप बॉक्सकडून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी वर जात असतात, ते रेडिओत शिरले तर ट्यूनर जाईल. दोन्ही टोकं मोकळी करा. वरच्या टोकाची वीतभर केबल कापून जाळीचा रंग बघा. काळी-हिरवट किंवा पांढरी भुकटी धरलेली असेल तर पाणी आत गेलंय. स्वच्छ जाळी लागेपर्यंत कापत जा, मीटरभर कापूनही तसंच असेल तर केबल टाकून द्या.

गच्चीवर दूरदर्शनचा जुना अँटेना पडलेला असेल तर तसाच जोडू नका. त्यातले बरेच १७४ ते २३० मेगाहर्ट्झसाठीचे, त्यांचा डायपोल एफएमला निम्माच पडतो. त्याचा पाइप आणि क्लँप मात्र कामाचे.

गच्चीवर नेलात की दोन गोष्टी. विजेच्या उघड्या तारांपासून पाइपच्या लांबीपेक्षा जास्त अंतर ठेवा, पडला तरी तारांना लागू नये. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचा गडगडाट सुरू झाला की केबल सेटपासून काढा. हे आभाळ वाजायच्या आधी करायचं काम.

यंत्रमाग१२
होटगी रोडला हे कमी असेल, पण अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी लिहितो. यंत्रमागाच्या मोटरी आणि स्टार्टरच्या ठिणग्यांचा टकटक आवाज बल्ब बदलून जात नाही, कारण तो घराबाहेरचा. पण एफएमचा रिसीव्हर सिग्नलच्या ताकदीतला असा चढउतार कापून टाकतो, फक्त सिग्नल पुरेसा दणकट हवा. म्हणजे इथे डायपोल उंच नेणं हाच उपाय, आणि शक्यतो कारखान्याच्या विरुद्ध बाजूच्या कठड्याला.

‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे येत असतील तर तो सिग्नल कमी असण्याचा प्रकार नाही. जवळच्या इमारतीवरून परतलेला सिग्नल थेट सिग्नलमध्ये मिसळतो. डायपोल फूटभर इकडेतिकडे सरकवा, बऱ्याचदा तेवढ्याने जातं.

होटगीरोडकर
जाळी स्वच्छ निघाली. गच्चीवर डायपोल नेतोय. विजापूर-कलबुर्गीकडची कन्नड केंद्रं यावर येतील का? आईला हवी आहेत.

गच्चीवरचा_माणूस
रोज नाही येणार. एफएम जवळपास सरळ रेषेत जातं. १०० मीटर उंच मनोरा आणि १० मीटर उंच अँटेना धरला तरी पल्ला ५०-५५ किलोमीटरचा, आणि ही दोन्ही गावं शंभरीच्या घरात. काही रात्री, पहाटे हवा स्थिर असताना येतील आणि ऊन चढलं की जातील. जास्त भरवसा हवा तर त्या दिशेला तोंड केलेला तीन किंवा पाच काड्यांचा एफएमचा यागी (एकाच दिशेचा सिग्नल जास्त पकडणारा अँटेना) लागेल, तोही जमेल तितक्या उंचीवर. आईसाठी मोबाईलवर आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर अॅप टाकून द्या, कन्नड केंद्रं त्यात आहेत.